हातचा विसरलेली दुरुस्ती

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात आमची जुनी गाडी तिसऱ्यांदा तापली. ही रस्त्याकडेला दगडावर बसली आणि म्हणाली, "दुरुस्तीचे पैसे दिलेत ना?"

दिले होते की! वॉटर पंप बदलल्यापासूनच हे दुखणं सुरू झालं. पहिल्या वेळी गॅरेजवाल्याने पाणी भरून दिलं. दुसऱ्या वेळी थर्मोस्टॅटच काढून टाकला. "आता तापणार नाही, सर!"

शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट उघडण्याआधीच विचारलं, "त्रास सुरू होण्यापूर्वी काय काम केलं होतं?" पंपाचं नाव निघताच तो म्हणाला, "मग आत हवा अडकली असणार." इंजिन गार असताना त्याने रेडिएटरचं झाकण काढलं, गाडी चालू ठेवली आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहिला. नवा थर्मोस्टॅटही बसवला. आता काटा मध्यावर स्थिर असतो. नशीब, हेड गॅस्केट वाचलं.

माझं म्हणणं एवढंच, की काम बिघडलं तर आधी स्वतःच्या हाताकडे बघावं. गॅरेजवाल्यावर मी चिडलो खरा, पण वर्गात मी तरी काय केलं? हातचा विसरणाऱ्या मुलाचं उत्तर लाल शाईने वर्षभर दुरुस्त करत राहिलो. तो कुठे चुकतो, हे एकदाही विचारलं नाही. माझं शिकवणंच कच्चं राहिलं असेल, हे तर मनातही आलं नाही.

गाडी निदान वाफ तरी सोडते. मुलं गप्प बसतात.