दंगलींची मीमांसा आणि भिवंडीची साक्ष





कोठे दंगल झाली की तो लोकक्षोभाचा स्वाभाविक उद्रेक होता आणि अशा उद्रेकापुढे सरकार हतबल असते, ही जी कैफियत दर वेळी नव्याने मांडली जाते, ती भिवंडीच्या इतिहासासमोर टिकत नाही, एवढेच दाखविण्यासाठी हा पत्रप्रपंच.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने तेथे जी आग भडकली व जळगाव, महाडपर्यंत गेली, तिची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाला असे आढळले की, जातीय संघटनांनी शहराचे वातावरण आधीपासूनच विषारी करून ठेवले होते. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही की, दंगलीनंतरचा पोलीस तपासही मुसलमानांच्या बाबतीत पक्षपाती ठरला. १९८४ साली तेच शहर पुन्हा पेटले.

बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर, डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये, मुंबईत ज्या दंगली झाल्या, त्यांत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या गणनेनुसार, ९०० माणसे मारली गेली. त्यांत ५७५ मुसलमान होते. द्वेष जर माणसाच्या रक्तातच असता, तर सर्वांआधी भिवंडी भस्मसात व्हावयास हवी होती. पण भिवंडी शांत राहिली. तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास मोहल्ल्यामोहल्ल्यांतून समित्या उभारावयास आरंभ केला होता, आणि त्यांत नेहमीच्या शांतता समितीतील प्रतिष्ठित मंडळींऐवजी (ज्यांचे कार्य बहुधा चहापान व छायाचित्र यांपलीकडे जात नाही) त्या त्या वस्तीतील सामान्य हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस ठाण्याचे अंमलदार वारंवार एकत्र बसत, किरकोळ तंटे तेथेच मिटवीत. त्यामुळे अफवा आली, तेव्हा ती खरी की खोटी हे विचारावयास ओळखीचा माणूस हाताशी होता.

हे एका कर्तबगार अधिकाऱ्याचे यश, असे कोणी म्हणेल. मान्य, परंतु मग त्या अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर बंदोबस्ताची पद्धतही बदलून जावी, हा दोष कोणाचा? श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला, तोही तत्कालीन सरकारने एकांगी ठरवून दप्तरी ढकलला.

गृहखात्याला माझी विनंती इतकीच, की मोहल्ला समिती हे प्रत्येक पोलीस ठाण्याचे कायमचे कर्तव्य ठरवावे, आणि मादन व श्रीकृष्ण आयोगांचे अहवाल नव्या फौजदारांना प्रशिक्षणातच सक्तीने वाचावयास लावावेत.

आपला,
एक वाचक, ठाणे