शब्दाचे मोल



कापडाच्या व्यापारात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना तलम सुताची किंमत सांगावी लागत नाही. मात्र असे सूत यंत्रावर काढण्याची युक्ती ज्याने शोधली, त्या सॅम्युएल क्रॉम्प्टनचे नाव आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल.

इंग्लंडमधील बोल्टन गावाजवळ १७५३ साली त्याचा जन्म झाला. वडील लवकर निवर्तले. बालपणापासून तो घरी सूत कातीत असे. हारग्रीव्ह्जच्या ‘जेनी’ यंत्रावरील धागा वारंवार तुटे. आर्कराइटच्या यंत्राचे सूत मजबूत, परंतु जाडे. मलमलीजोगे तलम सूत हिंदुस्थानात निघत असे, तसे तेथे निघत नव्हते. क्रॉम्प्टनने पाच वर्षे एकांतात प्रयोग केले. त्यासाठी लागणारे पैसे तो नाटकगृहात व्हायोलिन वाजवून मिळवी. अखेर १७७९ साली त्याचे यंत्र सिद्ध झाले. आर्कराइटचे रूळ आणि जेनीची सरकती गाडी यांचा त्यात मिलाफ होता. ४८ चात्यांची गाडी बाहेर सरकताना धागा ताणला जाई व त्यास पीळ बसे. परतताना तो चातीवर गुंडाळला जाई. दोन जातींच्या या संकरास लोकांनी ‘म्यूल’, म्हणजे खेचर, असे नाव दिले.

इतके तलम सूत पाहून लोक चकित झाले. यंत्राचे रहस्य जाणण्यासाठी काहींनी त्याच्या घराच्या खिडक्यांतून डोकावण्याचाही प्रयत्न केला. पेटंट घेण्याइतके द्रव्य क्रॉम्प्टनजवळ नव्हते. तेव्हा गिरणीमालकांनी सुचविले, ‘यंत्र सर्वांना दाखवा, आम्ही वर्गणी काढून मोबदला देऊ.’ कागदावर सह्या झाल्या. कायद्याने तो कागद बंधनकारक नव्हता. क्रॉम्प्टनने शब्दावर विश्वास ठेवला आणि यंत्र दाखविले. हाती आले केवळ सुमारे ६० पौंड. सही करणाऱ्यांपैकी काहींनी तर एक पैही दिली नाही.

यंत्र मात्र झपाट्याने पसरले. १७९० साली डॉब्सन व रॉथवेल यांनी बोल्टनमध्येच कातणयंत्रे बनविण्याचा कारखाना काढला. पुढे डॉब्सन अँड बार्लो या नावाने प्रसिद्ध झालेल्या याच पेढीची यंत्रे हिंदुस्थानातील गिरण्यांतही आली. १८११ साली क्रॉम्प्टनने स्वतः गिरण्यांचा प्रदेश फिरून गणना केली, तेव्हा म्यूलच्या चात्या ४० लाखांहून अधिक भरल्या. ही गणना पाहून पार्लमेंटने १८१२ साली त्यास ५,००० पौंड दिले. त्यातील बरीच रक्कम कर्जफेडीत गेली आणि पुढील धंद्यातही त्यास यश आले नाही. १८२७ साली तो निवर्तला, तेव्हा त्याच्या गावात श्रीमंत झालेली कुळे अनेक होती. तो त्यांतला नव्हता. पुढे १८६२ साली त्याच गावाने त्याचा पुतळा उभारला.

ज्यांनी पैसे बुडविले, त्यांनी कायदा मोडला नव्हता. म्हणूनच ही गोष्ट आपल्यासारख्यांनी ध्यानी घ्यावी. न्यायालय ज्याची वसुली करू शकत नाही, असे देणेच माणसाची खरी पारख करते. कारागिराने युक्ती सांगितली, दलालाने गिऱ्हाईक आणून दिले, जुन्या मुनिमाने पेढी सांभाळली. यांतील कित्येक देणी आपण तोंडीच कबूल केलेली असतात. दिवाळीस नवी वही उघडताना कागदावर नसलेली ही देणीही एकदा आठवावीत. पुतळा उभारून ती फिटत नाहीत. ज्याचे त्यास, त्याच्या हयातीत आणि वेळेवर पोहोचविली, तरच फिटतात.