सरकीत लिहिलेला मजकूर

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने डीएनए आणि आरएनए यांविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. तो प्रांत विज्ञान शाखेचा, असे आपण धरून चाललो आहोत. परंतु आपल्या बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर अशा कितीतरी भागांत दर मृगाला घरोघर बीटी कपाशीचे पाकीट फोडले जाते. त्या पाकिटावरचा 'बीटी' हा शब्द म्हणजे डीएनएचीच गोष्ट आहे. ज्या शास्त्राला आपण परके समजतो, ते वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या काळ्या रानात उगवत आहे. बियाणे आले, पण त्या बियाण्यात काय लिहिले आहे ते आपल्या भाषेत कोणी नीट वाचून दाखवले नाही; आणि त्याची किंमत आपण मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम डीएनए ही काय वस्तू आहे ते पाहू. माणूस, बैल, सरकी, अळी या साऱ्यांच्या पेशींत तो असतो. त्यात दैवी असे काही नाही. कर्ब, हायड्रोजन, प्राणवायू, नत्र आणि स्फुरद या पाच मूलद्रव्यांचा तो बनलेला आहे. नत्र आणि स्फुरद ही नावे शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाहीत. युरियाच्या आणि डीएपीच्या गोणीतून आपण पिकाला तेच घालतो, आणि त्याचा काही अंश पिकाच्या पेशीपेशीत डीएनए होऊन बसतो. त्याचा आकार दोरीच्या दोन पदरांना पीळ द्यावा तसा. प्रत्येक पदराचा कणा साखर आणि फॉस्फेट यांच्या एकाआड एक जोडणीचा. ही साखर मात्र आपल्या कारखान्यातली उसाची नव्हे. ती पाच कर्बांची, डिऑक्सिरायबोज नावाची. कण्याच्या आतल्या बाजूला चार प्रकारचे नत्रयुक्त घटक ओळीने बसलेले असतात: ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. ॲडेनीनची सोयरीक थायमीनशीच आणि ग्वानीनची सायटोसीनशीच. पहिली जोडी दोन हायड्रोजन बंधांनी धरलेली, दुसरी तीन. हे बंध एकेकटे दुबळे असतात, म्हणून वेळ येताच दोन्ही पदर सुटे होतात आणि प्रत्येक पदराच्या आधाराने नवा जोडीदार पदर तयार होतो. एका पेशीच्या दोन होतात तरी मजकूर तोच राहतो, याचे मर्म एवढेच आहे.

हा आकार १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडला. त्यासाठी लागलेला मोठा पुरावा रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीने क्ष-किरणांनी घेतलेल्या छायाचित्रांत होता. १९५८ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी ती वारली. १९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ती हे जग सोडून गेलेली होती.

आता भाषेच्या विद्यार्थ्याला जवळचा भाग सांगतो. हे चार घटक म्हणजे चार अक्षरे होत. तीन तीन अक्षरांचा एक शब्द, असे एकूण ६४ शब्द. त्यांपैकी ६१ शब्द २० प्रकारच्या अमिनो आम्लांची नावे सांगतात आणि उरलेले तीन 'येथे थांबा' असे सांगतात. जुन्या मोडी कागदांत शब्द तोडून लिहीत नसत. कोठून वाचायला लागायचे हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागे. डीएनएचा मजकूरही तसाच सलग असतो. एखादे अक्षर बदलले तर काय होते, हे मराठीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. 'दिन' या शब्दातली वेलांटी बदलली की दिवसाचा दरिद्री होतो!

मग आरएनए कशासाठी? तहसील कचेरीतला मूळ दस्तऐवज कोणी घरी नेत नाही, त्याची नक्कल काढून नेतो. डीएनए हा पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेला मूळ दस्तऐवज, आणि आरएनए ही त्यातल्या हव्या त्या भागाची नक्कल. ती बाहेर येते आणि तिच्याबरहुकूम एकामागून एक अमिनो आम्ले जोडून प्रथिन तयार होते. नकलेचा कागदही हलका असतो. तिच्यातील साखर रायबोज, म्हणजे प्राणवायूचा एक अणू जास्त असलेली. त्यामुळे आरएनए लवकर मोडतो. त्यात थायमीनच्या जागी युरॅसिल असते आणि पदर बहुधा एकच. हे तीन अक्षरी शब्द उलगडून दाखवणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराना होते. पंजाबातल्या रायपूर नावाच्या, जेमतेम शंभर वस्तीच्या खेड्यातील पटवाऱ्याचे, म्हणजे आपल्याकडील तलाठ्याचे, ते पुत्र. १९६८ साली त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. जगातल्या साऱ्या सजीवांची ही लिपी जवळजवळ एकच आहे, आणि बीटी कपाशीची सगळी कथा त्यावर उभी आहे.

मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. १९०१ साली जपानमध्ये रेशमाच्या रोगट अळ्यांत तो प्रथम सापडला आणि पुढे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतावरून त्याला हे नाव मिळाले. 'बीटी' हे त्याचेच लघुरूप. त्याच्या डीएनएमध्ये एका प्रथिनाचा मजकूर आहे. ते प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेले की आतड्याच्या अस्तराला चिकटते, आतड्याला छिद्रे पाडते आणि अळी खाणे सोडून मरते. शास्त्रज्ञांनी तेवढाच मजकूर, म्हणजे क्राय-१-एसी हे जनुक, कपाशीच्या डीएनएत नेऊन बसवले. लिपी एकच असल्यामुळे कपाशीच्या पेशीने ते वाचले, त्याची आरएनए नक्कल काढली आणि ते प्रथिन स्वतःच्या पानाबोंडांत बनवले.

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने या कपाशीला परवानगी दिली. तिच्यामागे अमेरिकेची मोन्सँटो आणि आपल्या शेजारच्या जालन्याची महिको या कंपन्या होत्या. महिकोची स्थापना बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली केली होती. २००६ साली क्राय-२-एबी हे दुसरे जनुक घातलेले वाण आले. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे कोणी नाकारू नये. विज्ञानाला सरसकट शिव्या देण्यासाठी हा लेख नाही.

परंतु त्या पाकिटासोबत आणखी एक लहान पिशवी येत असे. ४५० ग्रॅम बीटी बियाणे आणि १२० ग्रॅम साधे, बिगर बीटी बियाणे. कपाशीभोवती साध्या कपाशीच्या किमान पाच ओळी किंवा क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे जास्त असेल तेवढी लागवड करावी, असा नियम होता. गावोगाव ती पिशवी कोपऱ्यात पडून राहिली किंवा फेकली गेली. 'अळीने खावे म्हणून आपणच कपाशी लावायची काय?' असा साधा प्रश्न शेतकऱ्याला पडला, आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर डीएनएच्या भाषेत होते, आणि ती भाषा त्याच्यापर्यंत पोचलेलीच नव्हती.

ते उत्तर असे. अळीतही प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. लाखो अळ्यांत एखाद्या अळीच्या डीएनएतले अक्षर बदललेले असते, आणि मग बीटीचे प्रथिन तिच्या आतड्याला धड चिकटत नाही. कुलूप बदलले, आता जुनी किल्ली लागेना. पण सुरुवातीला हे बदललेले जनुक दोन्हीकडून आले तरच अळी तगते. एकाच बाजूने आले तर ती मरते. बीटीच्या रानातून असा एखादा तगलेला पतंग उडाला आणि शेजारच्या साध्या कपाशीतल्या साध्या पतंगाशी त्याचा संयोग झाला, तर पुढची पिढी बीटीवर मरते. साधी कपाशीच नसेल, तर तगलेल्याची गाठ तगलेल्याशीच पडते, आणि थोड्याच वर्षांत सारी अळी निर्ढावते. ती साधी कपाशी म्हणजे अळीला घातलेली भीक नव्हती, तर गावाने गायरान राखावे तसे राखायचे रान होते.

हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा अशी दुसरीही पिके चालतात, म्हणून तिचे गायरान आपोआप राखले गेले. गुलाबी बोंडअळीचा संसार जवळजवळ कपाशीवरच. त्यात आपल्याकडची बीटी कपाशी संकरित. तिच्या एकाच बोंडातल्या काही सरक्यांत बीटीचे जनुक उतरते, काहींत उतरत नाही. घरची सरकी धरून पुढल्या वर्षी लावली तर पीक एकसारखे येत नाही याचेही कारण हेच. आणि अशा मिश्र बोंडात वाढणारी अळी निर्ढावायला अधिकच सोपे जाते. शिवाय पाण्याची सोय असणारे फरदड ठेवतात, म्हणजे वेचण्या संपल्यावरही पीक उभे ठेवतात, आणि अळीला पुढचा हंगाम आयता मिळतो. व्हायचे तेच झाले. गुजरातमध्ये गुलाबी अळीने पहिल्या जनुकाला दाद देणे सोडल्याचे २०१० साली जाहीर झाले. २०१५ साली तेथे मोठे नुकसान झाले आणि २०१७ साली मराठवाडा व विदर्भ सापडला. डोमकळ्या दिसल्या तेव्हाच वेळ गेलेली होती. बाहेरून हिरवे टंच दिसणारे बोंड फोडावे, तो आत अळी आणि किडकी सरकी. वेचायला उरला कवडी कापूस.

याच अळीची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील ॲरिझोनात १९९६ पासून बीटी कपाशी आहे. तेथे साध्या कपाशीचा नियम पाळला गेला, पुढे वांझ केलेले पतंग सोडण्यात आले आणि २०१८ साली अमेरिकेने आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तेच जनुक, तीच अळी. फरक पडला तो वापराच्या शिस्तीत आणि त्या शिस्तीमागचे कारण ठाऊक असण्यात.

यावर कोणी म्हणेल, दोन एकरवाल्याने पाचवा हिस्सा अळीसाठी सोडावा हे तुम्हाला सांगायला सोपे आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. पतंगाला बांध कळत नाही. एकट्याने नियम पाळला तर तोटा त्याचा आणि फायदा शिवाराचा. म्हणूनच हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नव्हता, गावाचा होता. आणि गावाला विचारायचे तर आधी कारण समजावून सांगावे लागते. आपल्याकडे सांगितले गेले ते फक्त 'हे करा, ते करू नका.' अलीकडे साधे बियाणे बीटीच्या बियाण्यातच मिसळून देण्याची पद्धत आली आहे. पिशवी फेकण्याचा प्रश्न त्याने मिटला, पण न समजावताच काम उरकण्याची सवय मात्र तशीच राहिली.

दुसरे कोणी म्हणेल, शेतकऱ्याला डीएनए शिकवून काय करायचे? असे म्हणणाऱ्यांनी शेतकऱ्याची बुद्धी पाहिलेली नाही. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या तोंडी आहेत. संकरित वाण, नर-मादीच्या ओळी, कामगंध सापळे, हे सारे तो उपयोग कळला तसा शिकला. तोच माणूस 'जनुक' हा शब्दही शिकेल. अडचण त्याच्या डोक्यात नाही. ती आपल्या पुस्तकांच्या आणि माहितीपत्रकांच्या भाषेत आहे.

येथे कला शाखेचे काम सुरू होते, असे मला वाटते. आपल्यापैकी पुष्कळजण घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेले आहेत. सातबारा, बँकेची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचा कागद, आला कागद घरचे आपल्यापुढे धरतात. बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूरही आपणच वाचून दाखवायचा आहे. आणि नुसती अक्षरे वाचणे म्हणजे वाचणे नव्हे. राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत भरतात. पऱ्हाटी उपटायचा, फरदड मोडायचा काळ तोच. रस्ता झाडण्याबरोबरच एक संध्याकाळ पारावर बसून ही चार अक्षरांची गोष्ट सांगता येणार नाही काय? मराठीच्या विद्यार्थ्यांनी ती दोन पानांत सोप्या भाषेत लिहावी, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी फरदडीच्या नफा-तोट्याचा हिशेब मांडावा, आणि विज्ञान शाखेच्या मित्रांनी चूक-बरोबर तपासून द्यावे.

उद्या आणखी नवी बियाणे येतील. कोणी त्यांची स्तुती करील, कोणी भीती घालील. दोघांनाही आपण एकच प्रश्न विचारला पाहिजे: या सरकीत काय लिहिले आहे, आणि ते लिहिल्यामुळे आमच्या शिवारात काय होईल? हा प्रश्न ग्रामसभेत मराठीत विचारला गेला आणि त्याचे उत्तरही मराठीत द्यावे लागले, तरच हे शास्त्र आपले झाले असे म्हणता येईल. तोवर आपण त्याचे केवळ गिऱ्हाईक आहोत.