पॅलेडियम, टंगस्टन आणि आपली गलाई

मटेरियल सायन्सच्या ओरलला ‘मिश्रधातू कसा करतात?’ असं विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं असतं. ‘दोन धातू एकत्र वितळवायचे, सर!’ सर मान डोलावतात, आपण सुटतो. पण हेच उत्तर पॅलेडियम आणि टंगस्टनच्या जोडीला लावून बघा, लगेच गाडी अडते. पॅलेडियम १५५५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि २९६३ अंशांना उकळतं. टंगस्टन वितळायला ३४२२ अंश लागतात. म्हणजे टंगस्टन वितळेपर्यंत पॅलेडियमची वाफ होऊन गेलेली असणार!

मग ही जोडी जमते कशी? चहात साखर जमते तशी. साखर चहात वितळत नाही, विरघळते. वितळलेल्या पॅलेडियममध्ये टंगस्टनही तसंच विरघळतं. व्हॅक्यूममध्ये किंवा आर्गॉनमध्ये आर्क लावून हे काम करतात, नाहीतर दोन्हींची पावडर दाबून भाजतात. पॅलेडियमच्या जाळीत शंभरातले साधारण वीस अणू टंगस्टनचे मावतात. त्याहून जास्त घातलं की माल ठिसूळ होत जातो, त्याची तार ओढता येत नाही. इथे एक खुलासा करतो. जेट इंजिनाच्या पात्यांत निकेल-अ‍ॅल्युमिनियमचं जे संयुग असतं, त्यात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते. त्याला इंटरमेटॅलिक म्हणतात. आपल्या या जोडीचा कामाचा भाग मात्र मुख्यतः घन द्रावण आहे, तिथे टंगस्टनचे अणू जागा मिळेल तिथे बसतात.

गंमत पुढेच आहे. दोन्ही धातू विजेचे चांगले वाहक. पण वजनाने वीस टक्के टंगस्टन घातलं की मिश्रधातूचा रोध शुद्ध पॅलेडियमच्या सुमारे दहापट होतो, म्हणजे जवळजवळ नायक्रोमइतका! वेडेवाकडे बसलेले टंगस्टनचे अणू इलेक्ट्रॉनची वाट अडवतात. शिवाय ही तार गंजत नाही, सरकत्या संपर्काखाली लवकर झिजत नाही. म्हणून अचूक पोटेन्शिओमीटरसाठी ती वापरली गेली. तिचं सख्खं भावंड म्हणजे प्लॅटिनम आणि आठ टक्के टंगस्टन. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा बंद करायला याच तारेची बारीक गुंडाळी आत सोडतात. १९९५ साली अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली.

‘असू दे की! आपल्या कोरेगावात कुठे आलंय पॅलेडियम?’ असं हॉस्टेलवर कोणीतरी म्हणणारच. माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. हे दोन्ही धातू आपल्याकडे आहेत, फक्त ते भंगारात आहेत.

आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवर झिजलेली कार्बाइड टिप आपण पत्र्याच्या डब्यात टाकतो. ती टंगस्टन कार्बाइडची असते. जगातलं बहुतेक टंगस्टन चीनमधून येतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर निर्बंध आणले. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनचं खनिज आहे, पण आपली गरज आयातीवरच भागते. पॅलेडियमचंही तसंच. ते मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून येतं, आणि त्यातलं बहुतेक गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हापासून नव्या दुचाकीच्या सायलेन्सरमध्येही कन्व्हर्टर असतो. २०१९ मध्ये पॅलेडियम सोन्याहून महाग झालं होतं. मार्च २०२२ मध्ये त्याचा भाव औंसाला तीन हजार डॉलरच्या वर गेला. नंतर उतरला, पण तो भंगाराच्या भावाने विकावा असा धातू नक्कीच नाही.

आता भंगारातून धातू काढायची विद्या कोणाकडे आहे? कोरेगावहून आग्नेयेला खटाव तालुका ओलांडला की विटा लागतं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईसाठी देशभर गेली. सराफ कट्टा आहे तिथे आपला गलाईवाला आहे. जुनं सोनं चांदीत मिसळून मुशीत वितळवायचं, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकायचं. चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. आपण ज्याला पार्टिंग म्हणून चार मार्कांना लिहितो, ते या माणसांच्या हातात आहे.

पण व्हाइट गोल्डचा डाग आला तर? त्यातलं पॅलेडियम चांदीबरोबर अ‍ॅसिडमध्ये उतरतं. मिठाचं पाणी टाकून चांदी खाली बसवली तरी पॅलेडियम पाण्यातच राहतं, आणि ते पाणी गटारात ओतलं की संपलं. डायमिथाइलग्लायॉक्झिम टाकलं तर पिवळा साका दिसतो. ही साधी परीक्षा आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये होते, गलाईच्या दुकानात होत नाही. उलट भट्टीच्या रंगावरून मुशीतला माल ओळखणं त्यांना जमतं, आपल्याला जमत नाही.

या दोघांची गाठ कॉलेजने घालून द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. गेस्ट लेक्चरला दरवेळी कंपनीचा मॅनेजरच कशाला? एखाद्या अनुभवी गलाईवाल्यांना बोलवा, मराठीत बोलू द्या. वर्कशॉपमध्ये कार्बाइड टिपांचा वेगळा डबा ठेवा आणि वर्षअखेर तो वजन करून रिसायकलिंगला द्या. वितळलेल्या जस्ताने त्यातलं कोबाल्टचं बंधन सुटतं आणि कार्बाइडची पावडर परत मिळते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या रिसायकलिंगसाठी पंधराशे कोटींची योजना मंजूर केली आहे, तेव्हा हा विषय काही हौसेचा राहिलेला नाही.

आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टचं बघा. अ‍ॅसिडचा तपकिरी धूर गलाईवाल्यांच्या छातीत जातो. लहानशा दुकानात बसेल, परवडेल असा स्क्रबर करणं हा केमिकल आणि मेकॅनिकलवाल्यांचा चांगला प्रोजेक्ट नाही का? (रूमवर अ‍ॅसिड आणून प्रयोग करू नका. हे काम लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली आणि सरांसमोरच व्हायला हवं.)

काही जण म्हणतील, हे जुने धंदे, आपण शिकतोय ते यातून बाहेर पडायला. बाहेर जरूर पडू. पण या पट्ट्यातल्या कित्येक मुलांची फी आजही केरळात नाहीतर पंजाबात पेटलेल्या भट्टीवर भरली जाते. त्या भट्टीपुढे बसलेल्या माणसाच्या फुप्फुसाला आपल्या डिग्रीचा थोडा तरी उपयोग झाला पाहिजे, नाहीतर ती फी कशासाठी भरली?