उचललेल्या गाड्या, मिटलेले डोळे

आधीच सांगतो, म्हणजे "तुला गाड्यांतलं काय कळतं" असं कुणी विचारायला नको. माझ्याकडे बारा वर्षं फोर बाय फोर आहे. मावळ-मुळशीच्या कच्च्या रस्त्यांवर तिने पोटभर चिखल खाल्लाय. तेव्हा गाडीच्या नादाबद्दल माझी तक्रार नाही, तो मलाही आहे. तक्रार आहे ती नादाच्या नावाखाली भर वस्तीत जे चाललंय त्याबद्दल.

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी पिरंगुटच्या पुढे ताम्हिणीच्या रस्त्याला उभे राहा आणि गाड्या मोजा. दर थोड्या वेळाने एक उचललेली गाडी जाते. टायर मडगार्डच्या बाहेर, पुढे लोखंडी गार्ड, टपावर लाइटची पट्टी, मागच्या काचेवर कुठल्यातरी राजाचं नाव. आणि टायर बघा, चिखलाचा एक ठिपका नाही. ही गाडी घाटात धबधब्यापाशी उभी राहणार, फोटो काढणार आणि संध्याकाळी कोथरूडच्या सोसायटीत परत येणार. यासाठी लाखभर रुपये घालून तिला वर उचललेली असते.

आता "वर उचलली" म्हणजे काय केलं ते बघू, कारण यातली निम्मी मंडळी हे समजून न घेताच पैसे मोजतात. नवी थार घ्या. कंपनीकडून २५५/६५ आर १८ टायर येतो, त्याची उंची साधारण ७८९ मिलिमीटर. पोरं त्याजागी ३३ इंची टायर टाकतात, म्हणजे ८३८ मिलिमीटर. टायर पाच सेंटिमीटर उंच झाला तरी अॅक्सल वर जातो अडीचच सेंटिमीटर, कारण वाढलेल्या उंचीतली निम्मीच चाकाच्या मध्याखाली येते. वर स्प्रिंगच्या डोक्यावर दोन इंचाचा स्पेसर घातला की बॉडी आणखी पाच सेंटिमीटर वर. एकूण साडेसात. पण दगडाला आधी लागतो तो मागचा डिफरन्शियलचा गोळा, आणि स्पेसरने तो एक मिलिमीटरही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. म्हणजे स्पेसरचे पैसे कशाचे? मोठा टायर मडगार्डला घासू नये याचे, आणि दिसण्याचे.

उलट नुकसान होतं. थारच्या पुढच्या चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन आहे. स्पेसरने चाक कायमचं खाली ढकललं जातं, खड्ड्यात आणखी खाली जायला त्याला जागाच उरत नाही. ड्राइव्ह शाफ्टचा कोन तिरका होतो, बूट फाटतो, ग्रीस उडतं, काही महिन्यांत वळणावर जॉइंट कटकट वाजायला लागतो. मग त्याच गॅरेजला परत जायचं. छान धंदा आहे.

हे सगळं मालकाच्या खिशापुरतं असतं तर मी एक शब्द लिहिला नसता. जळो त्याचे पैसे. पण उसाची उंच भरलेली ट्रॉली वळणावर कशी डुलते ते आपण सगळ्यांनी बघितलंय. गाडीचं वजन साडेसात सेंटिमीटर वर नेलं की तीही तशीच कलते, आणि ताम्हिणीच्या वळणावर समोरून दुचाकीवर दोन लेकरं घेऊन कुणीतरी येत असतं. डिस्क तीच राहते, पॅड तेच राहतात, चाक मात्र मोठं आणि जड, म्हणून थांबायला जास्त अंतर लागतं. त्यात चिखलाचे मोठ्या गठ्ठ्यांचे टायर ओल्या डांबरावर साध्या टायरपेक्षा कमी धरतात. मीटरसुद्धा खोटं बोलायला लागतं: काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८५ ने पळत असते. (किलोमीटरही कमी मोजले जातात. सेकंडहँड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.)

हेडलाइट गाडीबरोबर वर जातात, ते परत खाली कुणी सेट करत नाही. समोरून अॅक्टिव्हावर येणाऱ्या माणसाच्या थेट डोळ्यांत. आणि बोनेटच्या पुढे जे दिसत नाही ते अंतर वाढतं. सोसायटीच्या गेटमध्ये चार वर्षांचं पोर त्या अंतरात पूर्ण मावतं. साध्या कारने माणसाला ठोकलं तर मार आधी पायाला बसतो आणि माणूस बोनेटवर पडतो. उंच, सपाट तोंडाची गाडी छातीवर आदळते आणि माणूस खाली जातो.

कायदा नाही असं कुणी म्हणू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: मालकाला प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच कलमात डीलरला गाडीमागे एक लाख दंड किंवा वर्षापर्यंत कैद. आणि या कायद्याच्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करणारासुद्धा 'डीलर'मध्ये येतो. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना २०१७ च्या डिसेंबरमध्येच कळवलंय.

मग कारवाई कुठाय? बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली घालतानाचे फोटो हौसेने छापून येतात. काळ्या काचेला दंड होतो, फॅन्सी नंबर प्लेटला दंड होतो. आणि इथे तर मोजपट्टीही लागत नाही! टायरचा साइज टायरवरच लिहिलेला असतो आणि कंपनीने दिलेला साइज ड्रायव्हरच्या दाराच्या स्टिकरवर. दोन्ही वाचायचे, जुळले नाहीत तर पावती फाडायची. एका मिनिटाचं काम. पण गाडीच्या काचेवरचं नाव वाचून हात मागे येतात, हे मी सांगायची गरज नाही. बुलेटवाला पोरगा कुणाचा कुणी नसतो, हाच फरक.

आणखी एक गंमत. देशातल्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे, कोथरूडच्या टेकडीवर. वर टेकडीवर इंजिनिअर ब्रेक, दिवे, टायर तपासून गाडी पास करणार आणि टेकडी उतरून आलं की एखाद्या गॅरेजमध्ये जॅकवर घेऊन दोन दिवसांत ते सगळं रद्द!

"आधी रस्ते सुधारा, मग आम्हाला शिकवा" हे उत्तर येणारच. अहो, कंपनीची थार जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे. पुण्यातला कुठला खड्डा तिला पुरत नाही ते मला दाखवा. मुळशीतल्या वस्त्यांवरून दूध गोळा करणारी पिकअप बहुतेक वेळा फोर बाय फोरसुद्धा नसते. तिला तोच रस्ता रोज पहाटे पुरतो.

खरंच ऑफरोडिंग करणारे थोडे लोक आहेत, मी ओळखतो त्यांना. त्यांच्यासाठी सरळ मार्ग काढा ना. ऑस्ट्रेलियात ठराविक मर्यादेपलीकडे गाडी उचलली तर इंजिनिअरचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. इथेही तपासलेले किट, ब्रेक आणि दिव्यांची फेरतपासणी, आरसीवर नोंद, असं करता येईल. प्रामाणिक माणूस फी भरून करेल. तोवर मात्र जे आहे ते बेकायदा आहे, आणि पहिली पावती गॅरेजची फाटली पाहिजे. एकवीस वर्षांच्या पोराला पाच हजार दंड बाप भरतो. गाडीमागे लाख भरायची वेळ आली की दुकानदार स्पेसर फळीवरून स्वतः काढून टाकेल.

परिवहन आयुक्तांना द्यायचा अर्ज लिहून ठेवलाय. मागण्या दोनच: पावसाळ्यात शनिवार-रविवार ताम्हिणी आणि लोणावळ्याच्या रस्त्यावर टायर साइजची तपासणी, आणि असे बदल करून देणाऱ्या गॅरेजांवर १८२ए खाली गुन्हे. सही करायची असेल त्यांनी इनबॉक्सला नाव आणि गाव पाठवा. गाड्यांचे नंबर टाकून कुणाची बदनामी करू नका, ते काम आपलं नाही. शुक्रवारी अर्ज देतोय.