तुमचं घर, त्याचा अंगठा

महाराष्ट्रात घर विकणं कटकटीचं आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मालक असाल तर आहेच. सोसायटीचा दाखला, मालमत्ता कराची पावती, बँकेचं पत्र, भावाची सही, भावाच्या बायकोचा रुसवा. पण मालक नसाल तर? मग काम भराभर होतं. मालकाचं नाव आणि स्वतःचा फोटो असलेलं आधार कार्ड, त्याला जुळणारं पॅन कार्ड, सोबत दोन इसम. एवढ्या भांडवलावर दुसऱ्याचा फ्लॅट तिसऱ्याला विकून चौथ्याच्या खात्यातून पैसे काढता येतात.

तोतयेगिरी आपल्याला नवी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा त्याची चौकशी झाली, साक्षी झाल्या आणि शेवटी 1776 मध्ये त्याला ठार केलं गेलं. बिचारा अडीचशे वर्षं आधी जन्मला. आज असता तर नोंदणी कार्यालयात टोकन घेऊन खुर्चीवर बसला असता आणि शनिवारवाड्याचा दस्त नोंदवून जेवायच्या वेळेला घरी गेला असता.

अतिशयोक्ती वाटते? एखादा नोंदवलेला दस्त काढा आणि शेवटची पानं वाचा. ‘खालील इसम असे निवेदीत करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तीशः ओळखतात.’ काय भाषा आहे! ‘व्यक्तीशः’! हे आत्मीय इसम पुष्कळदा एजंटच्याच टपरीवरचे असतात आणि विकणाऱ्याशी त्यांचा स्नेह रांगेत उभं राहिल्यापासूनचा असतो. त्याच पानांवर शिक्का क्रमांक 1 ची वेळ असते, शिक्का क्रमांक 2 ची वेळ असते. तास, मिनिटं आणि सेकंदांसकट. तोतया किती वाजून किती सेकंदांनी आला, याची शासनदरबारी चोख नोंद आहे. तो कोण होता, एवढाच तपशील राहून गेला.

यात दुय्यम निबंधकांचा दोष नाही, हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. नोंदणी अधिनियम 1908 चा. त्यानुसार साहेबांनी पाहायचं ते एवढंच, की समोरचा माणूस स्वतःला जो म्हणवतो तो आहे का आणि दस्त आपणच करून दिला हे त्याला कबूल आहे का. मिळकत त्याची आहे का, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा. तमिळनाडूने एक नियम करून पाहिला होता: विकणाऱ्याने आधीचा मूळ दस्त दाखवावा, नाहीतर नोंदणी नाही. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण मालकी तपासण्याचा अधिकार मूळ कायद्यात निबंधकांना दिलेलाच नाही. न्यायालय कायद्याला धरूनच बोललं. कायदाच असा आहे, की तोतयालाही तो घरचा वाटावा. त्याचं कलम 86 तर मला फार आवडतं: अधिकाऱ्याने सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर दावा लावता येत नाही. सद्भावना! घर तुमचं गेलं, सद्भावना त्यांची शाबूत.

बरं, सरकारकडे साधनं नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. 2001 मध्ये याच कायद्यात कलम 32-अ आलं. मिळकतीच्या हस्तांतरणात विकणारा आणि घेणारा, दोघांचेही फोटो आणि बोटांचे ठसे दस्तावर हवेत. म्हणजे गेल्या वीसेक वर्षांत तुम्ही घर घेतलं असेल, तर तुमचा चेहरा आणि तुमचा अंगठा सरकारजमा आहे. उद्या कोणी तुमच्या नावाने तेच घर विकायला आला, की त्याचाही चेहरा आणि अंगठा सरकार घेतं. आता हुशार वाचकहो, तुम्हीच सांगा, पुढची पायरी कोणती? शाळकरी पोरगंही सांगेल: दोन ठसे शेजारी ठेवून पाहा. पण तसं करा, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ठसे घ्यायचे, फोटो काढायचा (‘जरा इकडे बघा’), पानावर छापायचा आणि शांतपणे दप्तरी दाखल करायचा. पुरावा गोळा होतो तो गुन्हा रोखायला नव्हे, गुन्ह्यानंतर वकिलांना वाद घालायला.

ठसे अगदीच वाया जातात असंही नाही म्हणा. 2018 मध्ये तेलंगणात एका पठ्ठ्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरचे दस्त उतरवले, त्यांतल्या ठशांवरून रबरी बोटं बनवली आणि त्यांवर सिमकार्डं चालू करून घेतली. म्हणजे त्या ठशांचा चोराला उपयोग सुचला. खात्याला अजून सुचायचा आहे.

आणि फसवणूक उघडकीला आल्यावर? पोलीस ठाण्यात गेलात की पुष्कळदा ऐकू येतं, ‘हे दिवाणी स्वरूपाचं आहे.’ कलम 82 प्रमाणे नोंदणीत तोतयेगिरी करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण तो सापडायला हवा ना, आणि त्याचा पत्ता तर दस्तावर तुमचाच आहे. मग दस्त रद्द करून घ्यायला दिवाणी दावा. दावा तुमचा, वकील तुमचा, तारखा तुमच्या. ज्या कार्यालयाने नोंद केली, ते कोर्टाचा हुकूम आल्यावर शेरा मारणार. सद्भावनेनेच.

घेणाराही नागवला जातो. मालक नसलेल्याकडून मालकी मिळत नाही. मिळतात ते कर्जाचे हप्ते. आणि मुद्रांक शुल्क? मुंबईत एका बाईंना आधीच दुसऱ्याला विकलेली मिळकत विकण्यात आली होती. सरकारने मुदतीचं कारण दाखवून त्यांचे 25,34,400 रुपये परत करायचं नाकारलं. ते मिळवायला त्यांना सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. निकाल 2024 चा. फसवणाऱ्याने जे घेतलं ते घेतलं, पण सरकारचा हिस्सा धरून ठेवायचा हट्ट बघा! सरकार मालकीची हमी देत नाही, आणि नोंदणी फी मात्र तीस हजारांपर्यंत घेतं. हमी नाही, तर फी कसली? सेकंद मोजण्याची?

इंग्लंडमध्येही घरं अशी विकली जातात. चोर तिथेही आहेत. पण तिथलं भूमी नोंदणी खातं दहा मिळकतींपर्यंत फुकट इशारा पाठवतं आणि नोंद चुकली तर नुकसानभरपाईची जबाबदारी घेतं. आपल्याकडे मालकाला सल्ला मिळतो: सतर्क राहा. सतर्क राहायचं कोणी? न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्याने, ज्याचा तळेगावचा प्लॉट मोकळा आहे. ऐंशीच्या आजींनी, ज्या लेकीकडे राहतात. वारलेल्या मालकाने, ज्याची सही अलीकडे फार सुधारली आहे. फेरफाराची नोटीस येते, नाही कशाला म्हणू. पण ती दस्त नोंदवून झाल्यावर निघते, आणि जाते अशा पत्त्यावर जिथे मालक राहत नाही. तो राहत नाही, म्हणून तर तोतयाने त्याला निवडला.

मागणी साधी आहे. विकणाऱ्याचा ठसा आधीच्या दस्तातल्या ठशाशी जुळवा. जुळला नाही, किंवा जुना ठसाच नसला, तर नोंदणी थांबवा आणि मालकाला शोधून विचारा. त्यासाठी 1908 चा कायदा बदलावा लागत असेल तर बदला. त्याला पुरेशी वर्षं झाली आहेत. तोवर तुम्ही एक करा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. जिल्हा, गाव, मिळकत क्रमांक आणि वर्ष भरा, आणि आपण आपलं घर अजून विकलेलं नाही ना, याची खात्री करून घ्या.