विमान घ्यायचं, पण कोणत्या दुकानातून?



शीर्षक वाचून हसू नका. विमान म्हणजे कॉम्प्युटरवरचं. नातू सुट्टीला मुळशीला आलाय, यंदा दहावी झाली, पायलट व्हायचं म्हणतोय. त्याला फ्लाइट सिम्युलेटर हवा. सून म्हणाली, "आई, पैसे तुम्ही देणार तर तुम्हीच ठरवा." मी बी.कॉम. पैसे देण्याआधी काय विकत घेतोय ते विचारायची सवय जुनी आहे.

त्याच्या मनात आधी होतं डीसीएस वर्ल्ड. मूळ कार्यक्रम फुकट, त्यात दोन विमानं येतात, बाकीची एकेक विकत. पण ती बहुतेक लढाऊ विमानं, बॉम्ब टाकायचे. मी सरळ नाही म्हटलं. शस्त्र हातात देणं आपल्याकडे अनर्थदंडात येतं. खोटं का असेना, मन तर खरंच रमतं ना? तो थोडा रुसला, मग एक्स-प्लेनवर आला. त्यात प्रवासी विमानं, उतरणं, चढणं, ढग, वारा. तेच पायलटला लागतं.

आता खरा प्रश्न. हेच एक्स-प्लेन दोन ठिकाणी मिळतं. एक स्टीम नावाच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात, दुसरं बनवणाऱ्या लॅमिनार रिसर्चच्या स्वतःच्या साइटवर. माल तोच, पण एकीकडे घेतलेलं दुसरीकडे चालत नाही. म्हणून आधीच ठरवायचं.

नातवाचं मत स्टीम. त्याची बाजूही खोटी नाही. किंमत रुपयांत दिसते, सेल लागतात, आणि १४ दिवसांच्या आत व २ तासांपेक्षा कमी वापरलं असेल तर पैसे परत मागता येतात. कंपनीकडे डॉलरमध्ये भरायचे, वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार. मी वहीत दोन्ही रकमा मांडल्या. सेल धरला तर स्टीम स्वस्त.

पण ते २ तास मला खटकले. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर स्टीमवर आला, तेव्हा दुकानातून उतरायचा छोटासा भाग आणि बाकी शंभरच्या घरातले जीबी कार्यक्रम सुरू केल्यावर आतून. ते उतरवण्याचे तास वापराचे तास म्हणून मोजले जायचे! आमच्याकडे पावसात नेट कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. (धरणाचं पाणी भिऱ्याला जाऊन वीज होते, ती मुंबईकडे जाते, आणि आम्ही मेणबत्त्या शोधतो.) एक्स-प्लेनचं तसं नाही, पण परतीच्या अटीवर विसंबून खरेदी करू नये एवढं मी शिकले. शिवाय एक्स-प्लेनचा डेमो कंपनीच्या साइटवर फुकट आहे, थोड्याशा भागात उडवून बघता येतो. चाखून बघायची सोय असताना परतीची गरजच काय?

दुसरं म्हणजे मालकी. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरतानाच सांगतं की तुम्ही वस्तू नाही, वापराचा परवाना घेताय. कॅलिफोर्नियात तसा कायदा झाला म्हणून. कंपनीकडूनही परवानाच मिळतो, हे मान्य. पण तिथे हाती एक की येते, आणि ती एकाच वस्तूची असते. दुकानाच्या खात्यात मात्र सगळ्याची एकच किल्ली. माझ्या मुलानं कॉलेजात असताना एका ऑनलाइन दुकानात बरंच काही घेतलं होतं. खातं कॉलेजच्या ईमेलवर. डिग्री झाली, ईमेल बंद, पासवर्ड आठवेना, दुकानानं पुरावा मागितला, तो कुठला असणार! सगळं गेलं. पैशापेक्षा त्याचं तोंड बघवेना.

शिवाय दुकानात शिरलं की पुढच्या शंभर खेळांच्या जाहिराती, आज इतके टक्के सूट. पंधरा वर्षांच्या पोराला आपण परिग्रहाचं परिमाण शिकवायचं आणि त्यालाच रोज बाजारात उभं करायचं, हे मला पटत नाही. अपडेटही कंपनीच्या प्रकारात आपण म्हणू तेव्हा होतं, अर्धवट नेटवर मध्येच सुरू होत नाही.

एवढं मात्र सांगते, घरात नेट पक्कं असेल, मुलाचं स्टीम खातं आधीच असेल आणि ते त्याच्या कायमच्या ईमेलवर असेल, तर स्टीम घ्या, पैसे वाचतील. कंपनीकडचंही अधूनमधून नेट मागतंच. माझा आग्रह फक्त आमच्या घरापुरता.

शेवटी डेमो दोन दिवस उडवला, मग कंपनीकडून घेतलं. की मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली आहे, खाली तारीख आणि ईमेल. काल सूर्यास्ताआधी जेवायला बोलावत होते, तर म्हणाला, "आजी, एक मिनिट, लोहगावहून निघालोय, धरण येतंय." मी पदराला हात पुसत बघायला गेले. वरून पाणी दिसलं. आमचं घर काही सापडलं नाही.